टीबीच्या गोळ्या, लिव्हर टॉनिक आणि राहून गेलेली चाचणी

टीबीचं निदान झालं की पहिले दोन महिने रुग्णाला रोज चार औषधं घ्यावी लागतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. यातल्या पहिल्या तिघांमुळे लिव्हरला इजा होऊ शकते. सरकारी केंद्रातून ही औषधं फुकट मिळतात. तरी खाजगी दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या अनेक रुग्णांच्या पिशवीत विकतची आणखी एक बाटली असते. लेबलवर हिरवं पान, आत कुटकी, भुईआवळी, पुनर्नवा, कालमेघ अशा वनस्पतींचे अर्क, आणि देणाऱ्याचं सांगणं एवढंच की गोळ्या गरम पडतात, लिव्हर सांभाळायला हे घेत जा.

हे सांगणं खरं आहे की नाही, हे आज कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. ठरवायची साधनं मात्र आपल्याकडे होती आणि आहेत. रुग्ण आपल्याकडे आहेत, वनस्पती आपल्याकडे आहेत, वैद्य आणि औषधशास्त्रज्ञ आपल्याकडे आहेत. असं असून टीबीच्या रुग्णांवरची एक मोठी, नीट आखलेली चाचणी आपण केलेली नाही, आणि तोवर ही बाटली विमा असल्यासारखी विकली जाते. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि दोन्ही बदलता येतील, असं माझं मत आहे.

आधी हे मान्य करू की भीती खोटी नाही. औषधांमुळे होणाऱ्या लिव्हरच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या देशभरातल्या रुग्णालयांच्या गटाने २०१३ ते २०१८ या काळातले १,२८८ रुग्ण तपासले. त्यांतल्या ४६ टक्के रुग्णांना इजा झाली होती ती टीबीच्या औषधांनी. पाश्चात्त्य देशांत या यादीच्या वरच्या टोकाला इतर अँटिबायोटिक्स असतात, आपल्याकडे टीबीची औषधं. याच यादीत दुसऱ्या क्रमांकावर, सुमारे १४ टक्क्यांवर, काय होतं? आयुर्वेदिक, वनौषधी आणि तत्सम पर्यायी औषधं. लिव्हर सांभाळायला म्हणून ज्या वर्गातली बाटली हातात दिली जाते, तोच वर्ग इजेच्या कारणांत दुसरा आहे. एवढ्यावरून सगळ्या वनस्पती घातक ठरत नाहीत. पण ‘झाडपाल्याचं आहे, अपाय तर होणार नाही’ हे गृहीतक मात्र यापुढे धरता येणार नाही.

इजा होते कशी, ते थोडं पाहायला हवं, कारण बहुतेक दावे इथेच घसरतात. आयसोनियाझिड लिव्हरमध्ये मोडताना काही विषारी तुकडे तयार होतात. ते किती लवकर निकामी होतात हे माणसाच्या जनुकांवर ठरतं. भारतात निम्म्याहून जास्त लोकांमध्ये हे काम संथ चालतं. रिफाम्पिसिन लिव्हरमधल्या एन्झाइम्सना जास्त काम करायला लावतं, त्यामुळे तुकड्यांची भर वाढते. त्यात दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, वाढतं वय आणि कुपोषण यांची भर पडली की धोका आणखी चढतो. एवढं कळूनही नेमकी कोणाला इजा होईल हे आधी ओळखता येत नाही. एकाच घरातले दोघं तीच औषधं घेतात, एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याला पाचव्या आठवड्यात कावीळ होते.

आता फसगतीचं मोठं कारण. आयसोनियाझिड घेणाऱ्या साधारण १० ते २० टक्के लोकांचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, पहिल्या काही आठवड्यांत थोडं वाढतं, आणि औषध चालू ठेवूनसुद्धा आपोआप खाली येतं. लिव्हर औषधाशी जुळवून घेतं. म्हणूनच डॉक्टर किरकोळ वाढीला घाबरून उपचार थांबवत नाहीत. उलटी, मळमळ, कावीळ अशी लक्षणं असतील तर पातळी नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट, आणि लक्षणं नसतील तर पाचपट झाल्यावर औषधं बंद करायची, असा सर्वमान्य दंडक आहे. अशा वाढलेल्या एसजीपीटीवर कोणतंही सिरप दिलं आणि महिन्याने पुन्हा रक्त तपासलं, तर बहुतेकांचा रिपोर्ट सुधारलेलाच दिसेल. रुग्णाला वाटेल टॉनिक लागू पडलं, डॉक्टरलाही तसंच वाटेल. दोघंही प्रामाणिक असतील, आणि सिरपचा त्यात काहीही वाटा नसेल. ज्या आजारात बहुतेक माणसं आपोआप बरी होतात, तिथे तुलनेसाठी दुसरा गट ठेवल्याशिवाय अनुभवाला काही किंमत नाही. हे कितीही अनुभवी वैद्याला किंवा एमडी डॉक्टरला लागू आहे.

मग पुरावा म्हणून पुढे काय येतं? उंदीर. देशभरातल्या फार्मसी कॉलेजांत, महाराष्ट्रातल्याही, वर्षानुवर्षं एकाच साच्याचे प्रयोग चालू आहेत. पांढरे उंदीर सहा-सहाच्या गटांत विभागायचे. एका गटाला आठवडाभर आधीपासून एखाद्या पानाचा अर्क द्यायचा. मग सगळ्यांना कार्बन टेट्राक्लोराइड हे लिव्हर बिघडवणारं रसायन किंवा पॅरासिटामॉलचा मोठा डोस द्यायचा. नंतर रक्तातली एन्झाइम्स मोजायची, लिव्हरचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. अर्क घेतलेल्या उंदरांचं लिव्हर बरंच बरं दिसतं आणि प्रबंध पुरा होतो. विद्यार्थ्यांना मी दोष देत नाही. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात, कॉलेजच्या तुटपुंज्या पैशात त्यांना एवढंच शक्य असतं. पण या साच्यातून मिळणारं उत्तर टीबीच्या रुग्णाच्या प्रश्नाचं नाही. कार्बन टेट्राक्लोराइड माणूस औषध म्हणून घेत नाही. उंदराला अर्क इजेच्या आधी दिलेला असतो. शिवाय पॅरासिटामॉल स्वतःहून विषारी नसतं, लिव्हरमधली एन्झाइम्स त्याचा काही भाग विषारी पदार्थात बदलतात. एखाद्या अर्काने ती एन्झाइम्सच अडवली, तर उंदीर वाचतो आणि अर्क ‘रक्षक’ ठरतो. माणसात हाच परिणाम झाला तर सोबतच्या औषधाची रक्तातली पातळी बदलू शकते, आणि टीबीच्या उपचारात पातळी बदलणं ही गंभीर बाब आहे.

वनस्पतींतले घटक औषधाची पातळी खरोखर बदलतात, याचं उत्तम उदाहरण भारतातलंच आहे. जम्मूच्या सीएसआयआर संस्थेच्या संशोधनातून आलेल्या टीबीच्या एका गोळीत मिरीतलं पायपेरिन घातलं आहे. त्यामुळे रिफाम्पिसिन शरीरात जास्त शोषलं जातं आणि ४५० मिलिग्रॅमचं काम २०० मिलिग्रॅममध्ये व्हावं असा त्यामागचा विचार आहे. इथे पायपेरिन मोजून घातलं, त्याचा परिणाम माणसांच्या रक्तात तपासला. दुकानातल्या बहुतेक लिव्हर टॉनिकांबद्दल कोणी विचारतच नाही की यात असं काही आहे का, आणि असेल तर टीबीच्या औषधाचं काय होतं.

माणसांवर काम झालंच नाही असं मात्र नाही, आणि मुंबईचा या बाबतीत इतिहास मोठा आहे. १९८० साली आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक औषधाची विषाणूजन्य काविळीवरची दुहेरी अंध चाचणी प्रसिद्ध झाली, म्हणजे कोणाला औषध मिळतंय आणि कोणाला दिसायला तशीच पण निष्क्रिय गोळी, हे रुग्णाला किंवा तपासणाऱ्याला माहीत नव्हतं. १९९६ साली डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटकीवर असंच काम केलं. कुटकी घेणाऱ्यांचं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, अडीच मिलिग्रॅमवर उतरायला सरासरी २७ दिवस लागले, दुसऱ्या गटाला ७६. फरक डोळ्यांत भरतो, पण रुग्ण होते एकूण ३३. केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. रवी बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी गुळवेल देऊन पाहिली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात गुळवेल घेतलेल्यांना रक्तात जंतुसंसर्ग कमी झाला आणि जास्त रुग्ण वाचले. तेही मोजक्या रुग्णांवरचं काम होतं. सर्जन, औषधशास्त्रज्ञ आणि आयुर्वेदाचे जाणकार एका खाटेभोवती उभे राहून प्रश्न विचारत होते, ही गोष्ट मला आजच्या वादापेक्षा कितीतरी मोलाची वाटते. दुःख याचं की त्यांनी उघडलेल्या दारातून पुढे कोणी मोठं पथक गेलं नाही.

लहान चाचणीवर विसंबण्याचा धोका भुईआवळीने दाखवून दिला आहे. १९८८ साली ‘द लॅन्सेट’मध्ये चेन्नईच्या थ्यागराजन यांचा अहवाल आला. हिपॅटायटिस बीचे वाहक असलेल्या ३७ जणांना महिनाभर भुईआवळीच्या जातीची वनस्पती दिली, त्यातल्या २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. निष्क्रिय गोळी घेतलेल्या २३ जणांत एकाचीच. नोबेलविजेते ब्लुमबर्ग यांचंही नाव त्या कामाशी जोडलेलं होतं. जगभर उत्साह पसरला. पुढे वेगवेगळ्या देशांत तोच प्रयोग झाला तेव्हा तो निकाल टिकला नाही. ‘भुईआवळीने हिपॅटायटिस बी जातो’ हे मात्र आजही मेडिकलच्या काउंटरवर ऐकू येतं.

टीबीच्या औषधांबाबत असंच एक काम आपल्याकडे पडून आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात पाचशेहून अधिक रुग्णांपैकी काहींना टीबीच्या औषधांसोबत हळद आणि गुळवेलीचे अर्क दिले. नुसती औषधं घेणाऱ्यांत लिव्हरची इजा १४ टक्क्यांच्या आसपास होती, अर्क घेणाऱ्यांत एक टक्क्याहूनही कमी. दोन्ही गट सारख्या आकाराचेही नव्हते, पद्धतीवर प्रश्न विचारता येतात. पण हा आकडा खरा निघाला तर जगभरातल्या टीबीच्या उपचारात त्याची जागा असेल, आणि खोटा निघाला तर तो विसरून जाता येईल. दोन्हींपैकी काय ते ठरवण्यासाठी दुसऱ्याच वर्षी मोठी चाचणी व्हायला हवी होती. नियामकांना जो पुरेसा वाटेल असा निकाल त्यानंतरच्या इतक्या वर्षांत आलेला नाही.

त्याऐवजी आलं करोनाचं साथवर्ष आणि घराघरांत गुळवेलीचा काढा. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो अहवाल दिशाभूल करणारा ठरवला, वनस्पती नीट ओळखली नसावी असा आक्षेप घेतला. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अहवाल आला. स्वतःच्याच लिव्हरविरुद्ध प्रतिकारशक्ती चाळवली जावी, तसं या रुग्णांमध्ये दिसलं. मंत्रालयाचा ओळखीचा मुद्दा विचार करण्याजोगाच आहे, गुळवेलीच्या नावाखाली तिच्याच कुळातली दुसरी वेल विकली जाऊ शकते. पण मग तोच मुद्दा बाटलीतल्या प्रत्येक अर्काला लागू होतो. बाजारातल्या मालात खरंच काय आहे हे माहीत नसेल, तर तो सुरक्षित आहे असं तरी कशावरून म्हणायचं? हळदीचंही तेच. भाजीतल्या हळदीबद्दल कोणाची तक्रार नाही, पण मिरीचा घटक मिसळलेल्या तीव्र हळदीच्या कॅप्सूलनी लिव्हर बिघडल्याचे रुग्ण अमेरिकेतल्या नोंदींत आहेत. २००८ च्या अभ्यासात ज्या दोन वनस्पतींनी टीबीच्या रुग्णांना वाचवलं असं दिसलं, त्या दोन्ही आज आरोपीच्या पिंजऱ्यात आहेत. वाचवतात की बिघडवतात, की काहींना वाचवतात आणि काहींना बिघडवतात, हे काढ्याच्या बाजूने किंवा विरोधात घोषणा देऊन कळणार नाही.

चीनने या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त खटपट केली. तिथे टीबीच्या रुग्णांना लिव्हररक्षक औषधं सर्रास दिली जातात. चार हजारांहून अधिक रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात अशी औषधं आधीपासून घेणाऱ्या आणि न घेणाऱ्यांत इजेच्या प्रमाणात फारसा फरक आढळला नाही. युरोपातल्या मिल्क थिसल या काटेरी वनस्पतीपासून काढलेलं सिलिमरिन आपल्याकडच्या अनेक सिरपांत असतं. त्यावरच्या थायलंडमधल्या छोट्या चाचणीत फायदा दिसला होता, इराणमधल्या चाचणीत दिसला नाही. म्हणजे आपल्या वनस्पती निरुपयोगीच असतील असं नाही. पण ‘देऊन तर बघू, फायदा होईलच’ म्हणण्याइतकी आशादायक परिस्थितीही नाही.

‘अपाय नसेल तर देण्यात काय बिघडलं?’ हा प्रश्न नेहमी येतो. बिघडतं ते असं. टीबीच्या औषधांनी लिव्हर बिघडू लागलं की पहिल्यांदा भूक जाते, मळमळतं, लघवी गडद होते, थकवा येतो. याच दिवसांत औषधं थांबवून तपासणी केली तर बहुतेकांचं लिव्हर पूर्ववत होतं. नंतर औषधं एकेक करून पुन्हा सुरू करता येतात. पण लिव्हरचं औषध चालूच आहे, या भरवशावर रुग्ण आणखी दहा दिवस काढतो. डोळे पिवळे झाल्यावर अनेकदा कावीळ उतरवणाऱ्याकडे जातो, माळ घालून घेतो, देवडांगरीचे थेंब नाकात टाकून घेतो, आणि टीबीच्या गोळ्या तशाच चालू ठेवतो. किंवा घाबरून सगळ्या गोळ्या कायमच्या सोडतो, मग रोग उलटतो, औषधांना दाद न देणारा होतो. त्या रुग्णाच्या हातात बाटलीऐवजी चार ओळींचा मराठी कागद असता, की अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी गोळ्या थांबवून केंद्रात या, तर त्याच्या लिव्हरचं जास्त रक्षण झालं असतं. आशाताईंना हे पक्कं शिकवलं जावं. आणि ज्यांना धोका जास्त, म्हणजे दारू घेणारे, हिपॅटायटिस असलेले, वयस्क, फार रोडावलेले, त्यांची सुरुवातीलाच आणि पुढे ठरावीक अंतराने रक्ततपासणी व्हावी.

शिवाय पैसा. निक्षय पोषण योजनेत टीबीच्या रुग्णाला आता महिन्याला १,००० रुपये मिळतात, ते खाण्यासाठी. उपाशी लिव्हरला विष निकामी करायला लागणारं ग्लुटाथायोन नीट तयार करता येत नाही, त्याला प्रथिनं लागतात. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या ‘रेशन्स’ चाचणीत टीबी रुग्णांच्या कुटुंबांना अन्नधान्य पुरवलं, तेव्हा घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. रुग्णांमध्ये सुरुवातीलाच वजन वाढलेल्यांचे मृत्यू कमी होते. खाण्याचे पैसे टॉनिकच्या बाटलीत जाताना पाहून मला राग येतो तो यामुळेच. डाळ, अंडी, शेंगदाणे हे लिव्हरसाठी सिद्ध न झालेल्या अर्कापेक्षा आज तरी जास्त खात्रीचे आहेत.

त्या झारखंडच्या चाचणीने आणखी एक गोष्ट सिद्ध केली: सरकारी टीबी कार्यक्रमातच, चार जिल्ह्यांत, २,८०० रुग्णांच्या कुटुंबांना घेऊन जागतिक दर्जाची चाचणी भारतात करता येते. आता साधं गणित करून पाहू. समजा शंभरातल्या पाच रुग्णांना लिव्हरमुळे औषधं थांबवावी लागतात, आणि एखादा अर्क हे प्रमाण निम्म्यावर आणतो का हे पाहायचं आहे. त्यासाठी प्रत्येक गटात सुमारे ९०० रुग्ण लागतील, दोन्ही मिळून अठराशेच्या आसपास. म्हणजे झारखंडपेक्षा लहान चाचणी. यश मोजायचं ते रक्तातल्या एन्झाइमच्या किरकोळ चढउतारावर नाही, तर किती जणांना औषधं थांबवावी लागली, किती जणांना कावीळ झाली आणि किती जणांचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला यावर. काही रुग्णांच्या रक्तात रिफाम्पिसिनची पातळीही मोजावी, म्हणजे लिव्हर वाचवताना टीबीचं औषध कमी पडत नाही ना हे कळेल.

वैद्यांकडून यावर एक आक्षेप येतो: आयुर्वेदात औषध प्रकृती पाहून दिलं जातं, सगळ्यांना एकच गोळी देऊन तुलना करणं हा आयुर्वेदावर अन्याय आहे. प्रत्यक्ष नाडी बघून चूर्ण बांधून देणाऱ्या वैद्याने हे म्हटलं तर मी ऐकून घेईन, त्याच्या पद्धतीसाठी वेगळी चाचणी आखता येते. पण कारखान्यात भरलेली, प्रत्येकाला सकाळ-संध्याकाळ दोन चमचे म्हणून दिली जाणारी बाटली प्रकृती केव्हाच सोडून आलेली आहे. तिला हा आधार घेता येणार नाही.

कायद्यातही दुरुस्ती हवी. औषध नियमांत २०१० साली आलेला १५८-ब हा नियम प्राचीन ग्रंथांतल्या औषधी मिश्रणांना नव्या चाचणीशिवाय परवाना देतो, आणि कंपन्यांच्या स्वतःच्या मिश्रणांसाठी छोट्या पथदर्शी अभ्यासावर भागवून घेतो. दुसऱ्या, धोकादायक औषधासोबत रोज घ्यायच्या मिश्रणाला ही सूट पुरेशी नाही. ‘टीबीच्या औषधांसोबत घ्या’ किंवा ‘औषधांपासून लिव्हरचं रक्षण’ असा दावा करायचा असेल, तर त्या औषधांसोबतचीच चाचणी दाखवावी लागेल, एवढा एक नियम झाला तरी बाजार बराच स्वच्छ होईल.

वनस्पतींचाही विचार आहे. कुटकी हिमालयात तीन हजार मीटरच्या वर उगवते, तिचं मूळ उपटलं जातं, आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या करारानुसार निर्बंध आहेत. सिद्ध न झालेल्या उपयोगासाठी ती संपवणं परवडणारं नाही. सिद्ध झाली तर लागवडीचा खर्च सरकारने उचलणं रास्त ठरेल.

चाचणीची सुरुवात मुंबईत करता येईल. परळचं केईएम, वरळीचं पोदार आयुर्वेद रुग्णालय आणि शिवडीचं टीबी रुग्णालय एकमेकांपासून काही किलोमीटरवर आहेत, आणि शहरातली टीबी केंद्रं त्यांच्याशी जोडलेली आहेत. आयुष मंत्रालय आणि आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक वनस्पती निवडावी, ती शेतापासून कॅप्सूलपर्यंत तपासलेली असावी, चाचणी सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीत आधीच नोंदवलेली असावी, आणि निकाल काहीही लागला तरी तो पूर्ण छापला जावा. अर्काने लिव्हर वाचवलं तर तो टीबीच्या फुकट औषधांच्या पाकिटात घालावा. नाही वाचवलं तर तो टीबीच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर पुन्हा लिहिला जाऊ नये.